डाळिंब धरणारं बोट : रोबॉटच्या लवचिक रचनांवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

अंतिम वर्षाचा विषय निवडताना आम्हा चौघांचं एवढंच ठरलं होतं की रोबॉटचा हात करायचा. गाईड सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "उचलणार काय?" सोलापुरात राहून या प्रश्नाला अडायचं कारण नव्हतं. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या सगळ्या भागात डाळिंब आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे. भगवा डाळिंबाच्या सालीला ओरखडा पडला की फळ खालच्या प्रतीत जातं. म्हणून ठरलं : पॅकिंगच्या जागी डाळिंब उचलून ठेवणारी पकड.

इथे दोन रस्ते असतात. एक म्हणजे कडक बोटं, त्यात सेन्सर आणि प्रत्येक फळागणिक मोटर कमीजास्त करणारा प्रोग्रॅम. दुसरा म्हणजे बोटाची रचनाच अशी करायची की ते फळाला टेकलं की फळाच्या आकारात आपोआप वळेल. आम्ही दुसरा रस्ता घेतला आणि नव्यांनीही आधी तोच बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात मेकॅनिकलवाल्याचं खरं काम आहे.

सुरुवात 'फिन रे' बोटापासून करा. माशाच्या पराचा हा गुण लीफ क्नीझे यांच्या १९९७ मध्ये लक्षात आला. दोन लवचिक बाजू टोकाला जुळलेल्या आणि त्यांच्यामध्ये शिडीसारख्या आडव्या पट्ट्या, बस. एका बाजूला अंगठ्याने दाबा. टोक लांब पळायच्या ऐवजी अंगठ्याकडेच झुकतं आणि त्याला वेढा घालतं. असं एक बोट थ्रीडी प्रिंटरवर छापून आठवडाभर खिशात ठेवा, येताजाता दाबत राहा. पट्ट्या किती, त्यांचा तिरकेपणा किती, भिंत किती जाड, यातलं काय बदललं की काय होतं ते हाताला कळू लागतं. पुढे संगणकाकडून शोधून घ्यायचे आहेत ते हेच आकडे.

त्याच्या जोडीला टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन, म्हणजे दिलेल्या जागेत मटेरियल कुठे ठेवायचं आणि कुठे काढायचं हे संगणकाकडून शोधून घेणं. ओले सिगमुंड यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला ९९ ओळींचा मॅटलॅब कोड किरकोळ बदलांनी मॅटलॅबसारख्याच पण फुकटच्या ऑक्टेव्हमध्येही चालतो. ६० बाय २० चौकोनांची जाळी, म्हणजे १२०० चौकोन. अर्धंच मटेरियल वापरायची मुभा. आणि कोणत्या चौकोनात मटेरियल ठेवायचं हे गणित ठरवतं. अर्धवट भरलेले चौकोन तोट्याचे ठरवणारा पेनल्टीचा आकडा ३ असतो, तो १ करून बघा : सगळं चित्र करड्या धुक्यासारखं होतं. शेजारच्या चौकोनांची सरासरी धरणारा फिल्टर काढून टाका : बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन उमटतात. हे दोन प्रयोग स्वतः केल्याशिवाय पुढच्या पेपरांना हात लावू नका.

माझे मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर चादरी काढतात. स्क्रीनवरची जाळी बघून ते लगेच म्हणाले, "हा तर आपला ग्राफ की!" चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकोन रंगवून काढतात आणि त्यावरून पंचकार्डाला भोकं पडतात : भोक आहे किंवा नाही. मला जे समजायला महिना लागला होता ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

त्यांनीच आमची मोठी चूक दाखवली. आम्ही 'टोक जास्तीत जास्त हलू दे' असं उद्दिष्ट दिलं होतं. उत्तर देखणं आलं, पीएलए या कडक प्लॅस्टिकमध्ये छापलंही. मामांनी बोट हातात घेऊन हळूच वाकवलं. "हितं पांढरं पडायलंय बघ, हितंच तुटणार." दोन दिवसांनी रिव्ह्यूमध्ये ते तिथंच तुटलं. दोन भाग फक्त एका बिंदूला चिकटलेले होते. गणिताच्या दृष्टीने ती उत्तम बिजागरी, प्रत्यक्षात भेग पडायची जागा. आम्ही हलायला सांगितलं होतं, टिकायला सांगितलंच नव्हतं. त्यानंतर किमान जाडी आणि स्ट्रेसची मर्यादा या अटी आधी लिहिल्या, मग कोड चालवला. मटेरियलही बदललं, ९५ए कडकपणाचं टीपीयू, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक, घेतलं. प्रिंटरचं नोझल ०.४ मिलीमीटरचं असेल तर भिंतीची जाडी ०.८, १.२ अशीच ठेवा. टीपीयू हवेतली ओल धरतं, पावसाळ्यात छापण्याआधी वाळवून घ्या, नाहीतर भिंतीत बुडबुडे येतात.

दुसरी चूक आमची आम्हालाच सापडली. डिझाइन एकाच मापाच्या फळासाठी झालं होतं. लहान फळ आलं की ते दोन बोटांमधून खाली सरकायचं. मग वजनकाटा आणि व्हर्नियर घेऊन मार्केट यार्डात गेलो, लहान, मध्यम, मोठी फळं मोजली आणि तिन्ही मापांवर एकदम तपासणी लावली. हे काम पहिल्या आठवड्यात करा. घर्षणही मोजा : फळीवर टीपीयूचा पत्रा चिकटवा, त्यावर सालीचा सपाट तुकडा ठेवा, वर थोडं वजन ठेवून फळी तिरपी करत न्या. सत्तावीस अंशाला घसरला तर गुणांक साधारण ०.५. तीनशे ग्रॅमचं फळ म्हणजे ३ न्यूटन, दोन बोटं, म्हणजे प्रत्येकाला निदान ३ न्यूटन दाब हवा. झटक्यासाठी वर थोडी सूट ठेवा.

विश्लेषणात एक गोष्ट विसरू नका. बोट इतकं वाकतं की साधं लिनियर गणित चुकीचं उत्तर देतं. कॅलक्युलिक्स या फुकटच्या विश्लेषण सॉफ्टवेअरमध्ये नॉनलिनियर भूमिती (मोठं वाकणं धरणारं गणित) चालू करा. त्यात वेळ जातो : एका रनला चार मिनिटं धरली, तर जेनेटिक अल्गोरिदमच्या (चांगली डिझाइन निवडून त्यांतून पुढची पिढी काढणाऱ्या पद्धतीच्या) ४० डिझाइनच्या २५ पिढ्या म्हणजे १००० रन, साधारण ६७ तास. उन्हाळ्यात मध्येच लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक रनचा निकाल लगेच फाइलमध्ये लिहा. आम्ही शेवटी ६० डिझाइन नीट पसरून निवडली, तेवढीच चालवली, त्यावरून एक अंदाज देणारं मॉडेल बांधलं आणि शोध त्या मॉडेलवर घेतला. पायथनमध्ये हे एका संध्याकाळी जमतं.

एक प्रश्न आमच्याकडून सुटला नाही. डाळिंबाचा मुकुट बोटाच्या बाजूला आला की पकड त्याच्या कडेवर टेकते आणि फळ फिरतं. दोनऐवजी तीन बोटं, की पुढच्या भिंतीला मऊ खाच, यातलं काही करून बघायला वेळच उरला नाही. आमच्या मेश (विश्लेषणाच्या जाळ्यांच्या फाइल), मोजमापांची वही आणि तुटलेली बोटंसुद्धा डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये खोक्यात ठेवलेली आहेत. ज्यांना हे पुढे न्यायचं असेल त्यांनी आधी ते खोकं उघडावं, मुकुट बाजूला ठेवून एक फळ उचलावं आणि ते नेमकं कुठे फिरतं ते मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपावं.