कारखान्यातली सुरक्षा मानसशास्त्रीय चाचण्यांनी कशी तपासावी?

बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री (ओतकामाचा कारखाना) असो, जवळच्या मच्छेतलं मशीन शॉप असो की चिकोडी भागातला साखर कारखाना. अपघाताच्या वहीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' हा शेरा फार शोधावा लागत नाही. मानसशास्त्रीय चाचणी हा शेरा पक्का करायला वापरणार असाल, तर ती न घेतलेलीच बरी. माणसाच्या हातून चूक व्हावी अशी परिस्थिती कारखान्यात कुठे तयार होते, हे शोधायला मात्र ती कामाची आहे.

१. आधी वही वाचा. गेल्या दोन वर्षांच्या नोंदी काढा. कुठलं खातं, कुठली पाळी, पाळीचा कितवा तास, कायम कामगार की ठेकेदाराचा? प्रथमोपचाराच्या पेटीतून काय संपतंय तेही पाहा. ग्राइंडिंगवाले डोळ्यांत कण गेला म्हणून वरचेवर येत असतील, तर वहीत अपघात शून्य असला तरी तुमचा प्रश्न तिथेच आहे. चाचणी कशासाठी घ्यायची हे एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

२. प्रश्नाला साजेशी चाचणी निवडा. इथेच जास्त गफलत होते. मालकांना हवी असते 'धोकादायक माणूस' ओळखणारी चाचणी. या हव्यासाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१९ मध्ये ग्रीनवूड आणि वुड्स या दोन संशोधकांनी ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा थोड्या कामगारांच्या वाट्याला जास्त अपघात आल्याचं दिसलं. त्यातून 'अपघातप्रवण माणूस' ही कल्पना रुजली. पण काही जणांकडे जास्त अपघात नुसत्या योगायोगानेही साचतात, आणि भट्टीपुढे उभा असणारा माणूस ऑफिसातल्यापेक्षा जास्त भाजणारच. ठरावीक कामासाठी भरती करताना क्षमता-चाचणीला अर्थ असतो. रेल्वे सहायक लोको पायलट घेताना अशी चाचणी घेते, कारण तिथे लक्ष आणि प्रतिसादाचा वेग हाच कामाचा गाभा. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या कामगारांना व्यक्तिमत्त्व चाचणी देऊन फारसं काही हाती लागत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी मोजा. पहिली, सुरक्षेचं वातावरण, म्हणजे इथे सुरक्षेला खरोखर किती किंमत आहे याबद्दल कामगारांची समजूत. डोव्ह झोहर या संशोधकाने १९८० मध्ये इस्रायलमधल्या २० कारखान्यांत ही कल्पना मोजून दाखवली. आज यासाठी नॉर्डिक देशांतल्या संशोधकांनी बनवलेली नोसॅक-५० ही प्रश्नावली वापरता येते: ५० विधानं, ७ विभाग, १ ते ४ गुण. दुसरी गोष्ट झोप. एपवर्थ मापनात आठ प्रसंग देऊन 'अशा वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती' असं विचारतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसा प्रमाणाबाहेर झोप येते असं समजतात. काही चाचण्यांना परवाना लागतो, तो आधी पाहा.

३. कागद तीन भाषांत ठेवा. मराठी, कन्नड आणि हिंदी. अधिकृत भाषांतर मिळालं तर तेच घ्या. नसेल तर एकाने भाषांतर करावं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणून ताडून पाहावं. मग पाच-सहा कामगारांना वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक विधान मोठ्याने वाचणारा माणूस हवा. नुसत्या खुणा करायच्या, लिहायचं काही नाही.

४. नाव कळणार नाही याची खरी तजवीज करा. सुपरवायझरने कागद वाटले की सगळं 'उत्तम' येतं. कॉलेजच्या मानसशास्त्र विभागातलं किंवा बाहेरचं प्रशिक्षित माणूस बोलवा. पाळीच्या वेळेतच, पगारी अर्ध्या-पाऊण तासात, बंद पेटीत कागद घ्या. टोकन नंबर नको, गाव नको. वीस माणसांच्या शॉपमध्ये 'वय ५५, फेटलिंग' (ओतीव माल घासून साफ करण्याचं काम) एवढं लिहिलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं. दहापेक्षा कमी जणांच्या गटाचा निकाल वेगळा काढू नका. मातृभाषेचा रकाना तर टाळाच! सीमाभागात तो दिसला की सुरक्षा बाजूला राहते आणि चहाच्या टपरीवर वेगळीच चर्चा सुरू होते. ठेकेदाराचे कामगार वगळू नका. धोक्याची कामं बऱ्याचदा त्यांच्याच वाट्याला असतात.

५. वेळ बघून घ्या. गणपतीच्या आठवड्यात घेतलेली चाचणी काही सांगत नाही. झोपेचं मापन मात्र दोनदा करा: एकदा एरवी, एकदा रोप लावणीच्या दिवसांत. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतला कामगार त्या दिवसांत सकाळभर चिखलात उभा राहून दुपारच्या पाळीला येतो. त्याला झोपाळू ठरवून काय मिळणार? त्या पंधरवड्यात ओव्हरटाईम कमी ठेवता येतो, पाळ्या आपसात बदलू देता येतात.

६. सरासरीत अडकू नका. नोसॅकमध्ये ३.३० च्या वर चांगलं, २.७० च्या खाली वाईट. पण खरी गंमत फरकात असते. समजा 'व्यवस्थापन सुरक्षेला प्राधान्य देतं' या विभागात अधिकाऱ्यांनी ३.५ दिले आणि मोल्डिंगच्या कामगारांनी २.४, तर ऑफिसात जे ठरतं ते भट्टीपर्यंत पोचत नाही. मधला दुवा म्हणजे सुपरवायझर. डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना तो काय बोलतो, ते ऐका.

७. महिन्याच्या आत एक तरी बदल करा. निकाल आधी कामगारांना सांगा, मग फाईलला लावा. बदल यंत्राकडून सुरू होऊ द्या: पॉवर प्रेसला दोन हातांनी दाबायची बटणं, काढता न येणारा गार्ड. मग सुपरवायझरचं रोजचं बोलणं. पोस्टर सगळ्यात शेवटी.

बोलताना कुणी खचलेला वाटला, तर त्याची नोंद मालकाकडे जाता कामा नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या, तिथे मराठी आणि कन्नडमध्येही बोलता येतं. उपचार लागले तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे.

८. वर्षभराने तीच प्रश्नावली पुन्हा द्या. मधल्या काळात 'थोडक्यात वाचलो' अशा नोंदी वाढतील. मालक घाबरतो, पण लोक सांगायला लागले की हा आकडा आधी वर जातोच. त्याच्या शेजारी प्रत्यक्ष इजांचा आकडा ठेवा आणि दोन्ही एकत्र वाचा. इजा तेवढ्याच राहून नोंदी पुन्हा घटल्या, तर सांगणाऱ्याला कुणीतरी झापलंय का, ते आधी तपासा.