पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे खाणं देऊनही कुत्र्याचं वजन वाढतंय? माझा अनुभव

लक्षण: नसबंदी झालेला प्रौढ कुत्रा, योग्य वजन २० किलो, काट्यावर २४. बरगड्या हाताला लागत नाहीत.

अंदाजाने मूठभर कमी करून पाहिलं, ‘लाइट’ खाणंही आणलं. महिनोन्‌महिने काटा हलला नाही, फार हताश व्हायला झालं. चूक मापाच्या कपात होती: तोच कप कधी सपाट, कधी शिगोशीग.

उपाय असा. हिशोब आजच्या नव्हे, योग्य वजनावर करा. २० × २० × २० = ८०००; कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, ९.४६ येतं. गुणिले ७०, म्हणजे रोजच्या ६६२ किलोकॅलरी. त्यातल्या १० टक्के बिस्किटं-खाऊसाठी बाजूला काढा, उरल्या ५९६. पाकिटावर १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी असतील, तर १७० ग्रॅम. हे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सकाळीच मोजून डब्यात भरायचं, दिवसभराचं त्यातूनच. घरात दोघांनी वेगवेगळं वाढलं की सगळं फिसकटतं.

दर दोन आठवड्यांनी वजन करा. आठवड्याला १ ते २ टक्के उतरलं पाहिजे. नाहीच उतरलं तर १० टक्के कमी करा. तरीही ढिम्म असेल तर पशुवैद्यांकडून थायरॉइड तपासून घ्या. पिल्लांना आणि गाभण कुत्रीला हा हिशोब लावू नका.