घरी ऑक्सिजन मशीन भाड्याने घेताय? सप्लायरच्या बाबतीत या चुका टाळा

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर सांगतात घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) लागेल, मग घाईघाईत कुणीतरी दिलेल्या नंबरवर फोन जातो आणि संध्याकाळपर्यंत मशीन दारात. डिपॉझिट कॅश, पावती नाही. पुढे मशीन परत केलं की तोच माणूस फोन उचलत नाही, नाहीतर स्क्रॅच पडलाय म्हणून पैसे कापतो. पैसे यूपीआयनेच द्या आणि भाडं, डिपॉझिट कधी परत, बिघडलं तर बदली मशीन किती तासांत, हे सगळं व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून लिहून घ्या. आणल्या आणल्या सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, सीरियल नंबरसकट.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मशीन चालू झालं, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे आले, म्हणजे झालं असं समजणं. आतलं झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) खराब झालं की फ्लो 5 लिटर दिसतो पण ऑक्सिजन कमी येतो, चांगल्या मशीनमधून साधारण 90 ते 96 टक्के यायला हवा. ॲनालायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं उपकरण) लावून समोर दाखवायला सांगा. "काही गरज नाही, सगळं ओके आहे" म्हणाला तर मशीन ठेवूनच घेऊ नका.

अलार्म वाजला तर फिल्टर, बाटलीचं झाकण, नळीची घडी बघा. पण पेशंटचं ऑक्सिजन खाली येत असेल तर सप्लायरशी वाद घालत बसू नका, सिलिंडर लावा, डॉक्टरांना किंवा 108 ला फोन करा. फ्लो स्वतःच्या मनाने वाढवू नका, सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटला ते धोक्याचं असतं.

काही सप्लायर पेशंटसमोरच विचारतात "अजून किती दिवस लागणार?", राग येतोच, यायलाच हवा. पण भाडं अडवून ठेवू नका, तो मशीन उचलून न्यायची धमकी देतो आणि आपण अडकतो. आधी दुसऱ्याकडून मशीन आणा, मग भांडा. फोनवर बोलणं झालं की लगेच मेसेज टाका, "आज तुम्ही असं म्हणालात", तोच पुढे पुरावा होतो.

तरी ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत 2 वर्षं. मशीनच सदोष असेल तर एफडीएकडेही (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) सीरियल नंबर देऊन लेखी तक्रार करा.