पांढरं खेळणं पिवळं पडलंय? घासायला बसायच्या आधी या चुका टाळा

कपाट आवरताना जुना पांढरा रोबो हातात येतो आणि बघावं तर छाती अजून पांढरीशुभ्र, हात मात्र जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळे. मग टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन घासायला बसायचं. मीपण बसलो होतो, चांगला अर्धा तास. पिवळेपणा जागच्या जागी राहिला, छातीवर छापलेला लाल शिक्का पुसला गेला आणि प्लॅस्टिकची चकाकी गेली ती गेलीच. कारण तो मळ नव्हताच, प्लॅस्टिकचाच रंग बदलला होता.

त्यामुळे आधी हे बघा. कापसाचा बड साबणाच्या पाण्यात बुडवून एका कोपऱ्यात फिरवा. बड पिवळा झाला तर तो धुराचा किंवा तेलकट थर आहे, साबणानेच जाईल. बड स्वच्छ राहिला आणि सांध्याच्या आतली, जिथे उजेड पोचत नाही ती जागा अजून पांढरी दिसली, तर घासून काही होणार नाही. टूथपेस्ट आणि मॅजिक इरेझर (डाग घासून काढायचा पांढरा स्पंज) म्हणजे शेवटी बारीक पॉलिश पेपरच. आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, त्यातलं अॅसिटोन प्लॅस्टिकच विरघळवतं.

आता हे होतं कसं? कडक खेळणी बऱ्याचदा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असतात, लेगोच्या विटासुद्धा 1963 पासून एबीएसच्या आहेत. यात ब्युटाडाइन नावाचा रबरी भाग असतो, त्यामुळे खेळणं पडलं तरी फुटत नाही. पण दुखणं पण तिथेच आहे. त्या रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, आणि अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून आधी तिथेच हल्ला करतात. त्यातून जे नवीन रासायनिक गट तयार होतात ते निळा प्रकाश शोषून घेतात, मग डोळ्यांपर्यंत जो उरतो तो पिवळसर. पांढरा रंग देणारं टायटॅनियम डायऑक्साइड बिचारं तसंच असतं, पिवळं पडतं ते त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिक. लाल-काळ्या पार्ट्समध्येही हे चालूच असतं, फक्त तिथे लपून जातं.

एकाच खेळण्याचा एक हात पिवळा आणि दुसरा पांढरा का, तर प्रत्येक पार्ट वेगळ्या बॅचचा, कधी चक्क वेगळ्या प्लॅस्टिकचा असतो. ट्रान्सफॉर्मर्स या खेळण्यातल्या रोबोंमधला 1985 चा पांढरा जेटफायर तर पिवळेपणासाठी कलेक्टर लोकांत बदनामच आहे.

"माझं तर बॉक्समध्येच आहे, उघडलंच नाही" असं म्हणून निर्धास्त राहणं ही पण चूक. ऑक्सिजन बॉक्सच्या आतही असतो, आणि छताला टेकलेल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात उन्हाळ्यात काय उकडतं ते हात घालून बघा. अंधारात वेग कमी होतो, थांबत नाही. तसंच खिडकीची साधी काच आहे म्हणून ऊन चालेल असंही नाही, ती सगळे अतिनील किरण अडवत नाही. शोकेसमध्ये दिवा हवाच असेल तर एलईडी लावा, त्यात अतिनील जवळजवळ नसतात आणि हॅलोजनसारखी खेळण्यावर उष्णताही मारत नाहीत.

आता पेरॉक्साइड. 2008 च्या सुमाराला जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनी ही युक्ती गाजवली, रेट्रोब्राइट म्हणतात तिला, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश. काम करते, पण लोक घाई करतात आणि वाट लावतात. केसांना लावायचं 12 टक्क्यांचं पेरॉक्साइड क्रीम ब्रशने फासून उन्हात ठेवलं की कुठे जाड थर, कुठे वाळलेला, आणि मग पार्टवर संगमरवरासारखे पट्टे उठतात जे नंतर सारखे करताना रडू येतं. त्यापेक्षा पारदर्शक डब्यात द्रव पेरॉक्साइड घेऊन पार्ट पूर्ण बुडवा आणि डबा उन्हात ठेवा, तरंगत असेल तर वर काहीतरी दाबून ठेवा, आणि मधून मधून हलवा, कारण पृष्ठभागावर चिकटलेल्या बुडबुड्यांचेही डाग राहतात. झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होतो. त्याआधी स्क्रू, स्प्रिंग सगळं काढा, स्टिकर असलेला पार्ट बुडवूच नका. हातमोजे आणि चष्मा लागतोच. आणि तासातासाला बघत राहा, जास्त वेळ राहिलं तर प्लॅस्टिक खडूसारखं फिकट होतं आणि तिथून मागे येता येत नाही. लवकर व्हावं म्हणून पाणी उकळत ठेवणारे पण बघितलेत, त्यांचे पार्ट पांढरे झाले पण वाकडे. कपड्यांचं ब्लीच हा तर उपायच नाही, ते प्लॅस्टिक अजून खराब करतं.

मऊ चेहऱ्याच्या बाहुल्या आणि फिगर बऱ्याचदा पीव्हीसीच्या असतात, त्यांचं दुखणं वेगळं. हाताला चिकट लागलं तर समजा मऊपणासाठी घातलेलं प्लास्टिसायझर बाहेर येतंय. कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, हवा लागू द्या, पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका. आणि मऊ टायर कडक प्लॅस्टिकला टेकवून वर्षानुवर्षं ठेवू नका, तेच प्लास्टिसायझर कडक पार्टमध्ये उतरून तिथे चक्क वितळल्यासारखा खड्डा पाडतं.

एक गोष्ट लोक शेवटी विचारतात, पांढरं झालेलं टिकतं का? नाही हो, बऱ्याचदा पिवळेपणा परत येतो, कारण रबराचे बंध आतमध्ये तसेच आहेत. माझ्या रोबोचा एक हात दोन वर्षांत पुन्हा पिवळट झाला, दुसरा अजून ठीक आहे. म्हणून असं खेळणं विकायला काढलंत तर पेरॉक्साइड केलंय हे घेणाऱ्याला आधीच सांगून टाका, नाहीतर वर्षभराने पुन्हा पिवळ्या पडलेल्या खेळण्याचा फोटो पाठवून तुम्हाला जाब विचारेल.