नेटवर्कवरची वेळ हल्लेखोरांपासून कशी सांभाळावी

सर्व्हरचे पासवर्ड आपण जपतो, फायरवॉल लावतो, पण वेळ मात्र कुठल्याशा दूरच्या यंत्राने सांगितली की निमूट मान्य करतो. घड्याळे जुळवणारा एनटीपी हा प्रोटोकॉल १९८५ सालचा. त्याची पॅकेट्स आजही बहुतेक ठिकाणी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, कुठल्याही सहीशिवाय जातात. वाटेत बसलेल्याला ती बदलता येतात. घड्याळ मागे नेले की सर्व्हरची ओळख पटवणारे, मुदत संपलेले डिजिटल प्रमाणपत्र पुन्हा वैध ठरते. पुढे नेले की चांगली प्रमाणपत्रेही नाकारली जातात. ३० सेकंदांचे ओटीपी जुळेनासे होतात. केर्बेरॉस ही ऑफिसच्या नेटवर्कमध्ये लॉगिन तपासणारी व्यवस्था साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की लॉगिन देत नाही. आणि लॉगमधल्या वेळाच खोट्या निघाल्या, तर हल्ल्यानंतर तपास कशाच्या आधारावर करायचा?

पुढच्या पायऱ्या क्रोनी या लिनक्सवरच्या, एनटीपीने घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहेत. सेटिंगची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कॉन्फिग फाइलीत ती रोमन लिपीतच लिहायची.

१. वेळ कुठून येते ते पाहा. ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही कमांड चालवा. यादीतले सर्व्हर कोण चालवते हे सांगता येत नसेल, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.

२. एनटीएस सुरू करा. नेटवर्क टाइम सिक्युरिटी २०२० मध्ये आरएफसी ८९१५ म्हणून प्रमाणित झाली. आधी टीसीपीच्या ४४६० पोर्टवर टीएलएसने (वेबसाइटचे https ज्यावर चालते त्या सुरक्षित जोडणीने) ओळख पटते आणि किल्ल्या ठरतात. मग वेळेची पॅकेट्स नेहमीप्रमाणे यूडीपीने जातात, पण प्रत्येकावर पडताळणीचा शिक्का असतो. क्लाउडफ्लेअर, स्वीडनची नेटनॉड आणि जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था पीटीबी ही सेवा देतात. क्रोनी ४.० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी ‘एनटीएस’ लिहायचे आणि ४४६० पोर्टला बाहेर जाण्याची वाट द्यायची.

काम झाले का, हे ‘क्रोनीसी ऑथडेटा’ सांगते. मोडच्या रकान्यात एनटीएस दिसले म्हणून समाधान मानू नका. किल्लीच्या लांबीचा रकाना शून्य असेल, तर किल्ली मिळालेलीच नाही. सगळे ठीक असताना कुकीजच्या (सर्व्हरने दिलेल्या, प्रत्येक विनंतीसोबत एकेक वापरायच्या टोकनांच्या) रकान्यात बहुधा ८ दिसतात. खात्री पटली की ‘ऑथसिलेक्टमोड रिक्वायर’ लावा, म्हणजे बिनसहीचा स्रोत निवडलाच जाणार नाही.

एक पेच इथे येतो. प्रमाणपत्र तपासायला वेळ बरोबर लागते आणि वेळ मिळवायला प्रमाणपत्र. बॅटरीवरचे घड्याळ नसलेल्या छोट्या बोर्डांवर हे हमखास अडते. तारखेची तपासणीच बंद करणारे सेटिंग आहे, पण मी त्याच्या वाटेला जाणार नाही. क्रोनी ‘-एस’ पर्यायाने सुरू केली, तर ड्रिफ्ट फाइल (घड्याळ किती वेगाने चुकते याची नोंद) शेवटची बदलली ती वेळ धरून ती घड्याळ लावते. बोर्ड फार दिवस बंद नसेल, तर तेवढे पुरते.

३. स्रोत किमान चार ठेवा, तेही वेगवेगळ्या संस्थांचे. दोघांचे जमले नाही तर खोटा कोण हे कळत नाही. तिघांत एक खोटा पकडता येतो. चौथा असला की एक बंद पडूनही ही सोय टिकते. ‘मिनसोर्सेस २’ किंवा ‘३’ लावा, म्हणजे किमान तेवढे स्रोत ग्राह्य ठरल्याशिवाय घड्याळ बदलणार नाही; मुळात हा आकडा १ असतो.

४. उशिराच्या हल्ल्याला मर्यादा घाला. बहुतेक मार्गदर्शक हे गाळतात. पॅकेटला हात न लावता ते नुसते अडवून ठेवले, तर सही शाबूत राहते, पण वेळ बिघडते. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, असे एनटीपी गृहीत धरते. समजा दोन्ही बाजूंना २० मिलिसेकंद लागतात आणि हल्लेखोराने फक्त उत्तर ४०० मिलिसेकंद रोखले. तुमचे यंत्र एकूण ४४० ची निम्मी वाटणी करते आणि घड्याळ २०० मिलिसेकंद मागे जाते. एनटीएस इथे हतबल आहे. मात्र चूक एकूण फेरीच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही, म्हणून फेरीवरच बंधन घाला. क्रोनीत फेरीची ही कमाल मर्यादा, ‘मॅक्सडिले’, मुळात ३ सेकंद असते. नेहमीची फेरी ४० मिलिसेकंदांची असेल, तर ती ०.१ सेकंदावर आणा.

५. उडी रोखा. ‘मेकस्टेप १ ३’ म्हणजे पहिल्या तीन दुरुस्त्यांतच, एका सेकंदापेक्षा मोठा फरक असेल तर, एकदम उडी. तीनच्या जागी उणे एक लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने ही मुभा कायमची मिळते. तसे करू नका. सोबत ‘मॅक्सचेंज’ लावा, म्हणजे मोठा बदल पुन्हा पुन्हा मागितला गेला की क्रोनी स्वतः बंद पडते. अशा वेळी सिस्टिमडीने (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने) ती आपोआप पुन्हा सुरू केली, तर पहिल्या तीन उड्यांची मुभाही पुन्हा मिळते आणि सगळा बंदोबस्त वाया जातो. ऑटो रीस्टार्ट बंद ठेवा, त्याऐवजी माणसाला अलर्ट जाऊ द्या.

६. आपला सर्व्हर दुसऱ्याचे हत्यार होऊ देऊ नका. एनटीपीडी या दुसऱ्या एनटीपी प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांतली ‘मॉनलिस्ट’ विनंती छोट्या प्रश्नाला भलेमोठे उत्तर देई. २०१४ च्या सुमारास तिच्या जोरावर मोठे डीडॉस हल्ले (खोट्या ट्रॅफिकच्या पुराने सेवा बंद पाडणारे) झाले. इतरांना वेळ द्यायची नसेल तर बाहेरून येणारे १२३ बंद करा. द्यायची असेल तर ‘अलाऊ’मध्ये फक्त आपले नेटवर्क लिहा.

७. लक्ष ठेवा. दर काही मिनिटांनी ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मधला फरक मॉनिटरिंगमध्ये घ्या. मग चाचणीच्या यंत्रावर फायरवॉलने एकेक स्रोत तोडा आणि अलर्ट योग्य माणसाच्या फोनवर पोहोचतो का ते पाहा.