या चुका टाळा: फ्रॉडच्या अभ्यासात चोर आधी ठरवू नका

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी कॉमर्सची चार-पाच मुलं फ्रॉड एक्झामिनेशनच्या, म्हणजे पैशांच्या घोटाळ्यांच्या तपासाच्या, केसेस सोडवायला बसतात. केस वाचून होते न होते तोच कुणीतरी म्हणतं, "काका, कॅशियरनेच केलंय." कशावरून? तर त्याच्यावर कर्ज आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. माणूस घोटाळा का करतो हे सांगणारा दबाव (जसं कर्ज), संधी आणि स्वतःची घातलेली समजूत हा त्रिकोण अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांच्या 1953 च्या अभ्यासावर उभा आहे. अफरातफर करून तुरुंगात गेलेल्यांशी ते बोलले होते. म्हणजे गुन्हा आधी सिद्ध झालेला, कारणं मागाहून शोधलेली. त्रिकोणावरून कुठे बघायचं ते कळतं, कोणी केलं ते नाही. आधी व्हाउचर, बिलं, बँक स्टेटमेंट जुळवा, नाव शेवटी. नुसत्या संशयावर एखाद्याची नोकरी जाते, हे मला फार लागतं.

बेनफर्डच्या नियमातही असंच होतं. खऱ्या हिशोबातल्या रकमांच्या सुरुवातीला 1 साधारण 30 टक्के वेळा येतो आणि 9 पाच टक्क्यांहूनही कमी, हे पाठ असतं. मग एकीने गरब्याच्या पासांच्या वसुलीला तो लावला, प्रमाण जुळलं नाही आणि खजिनदार दोषी! अगं, पास 600 रुपयांचा, मग 6 आणि दोन पासांचे 1200 हेच पुन्हा पुन्हा येणार. ठरलेल्या किमतींना हा नियम लागत नाही. रकमा शेकड्यांपासून लाखांपर्यंत पसरलेल्या हव्यात.

खात्यात किती शिल्लक आहे ते सांगणारं बँकेचं पत्र कंपनीच्या हातून घेऊ नका, थेट बँकेकडून मागवा. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी 5,040 कोटींची रोख आणि बँक शिल्लक फुगवलेली असल्याचं कबूल केलं. ही केस शिकताना बँकेचे बनावट कागद ऑडिटमधून कसे सुटले, त्यावर वेळ द्या.

कलमं लिहिताना तारीख बघा. 1 जुलै 2024 पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं 318, त्याआधीच्या गुन्ह्याला जुनं 420 च.

आणि मूळ एक्सेल फाइलवर काम करू नका. एक सेल बदलून सेव्ह केली तरी हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा अंक-अक्षरांतला ठसा, बदलते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात तीच लिहावी लागते. फाइल मिळाल्याबरोबर हॅश काढून वहीत टिपा, मग प्रत उघडा.