इन्स्क्रिप्टसाठी कीमॅप फ्लॅश करण्याआधी

क्यूएमकेला (कीबोर्डाच्या आत चालणारं मुक्त फर्मवेअर, म्हणजे त्याचं अंगचं सॉफ्टवेअर) मराठी येत नाही, हे आधी पक्कं डोक्यात बसवा. कीबोर्ड फक्त कोणती की दाबली तिचा कोड पाठवतो. अक्षर कोणतं उमटायचं ते संगणकात निवडलेला लेआउट ठरवतो. म्हणून कीमॅपमध्ये (कोणत्या कीने कोणता कोड जायचा त्या यादीत; ती कीबोर्डात भरणं म्हणजे फ्लॅश करणं) लिहायचं 'केसी_के', म्हणजे के या कीचा कोड, आणि मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण लेआउट) चालू असेल तर पडद्यावर क येतो.

यानंतर कागद घ्या आणि आपल्या कीबोर्डावर कोणत्या की नाहीतच, ते लिहून काढा. ४० टक्क्यांच्या, म्हणजे अगदी कमी कींच्या छोट्या बोर्डात चौकटी कंसाची की जाते, म्हणजे ड आणि ढ दोन्ही गेले. 'थोडं', 'गाडी', 'घड्याळ' यांच्यासाठी दर वेळी दुसऱ्या लेयरवर (त्याच कींना दुसरे अर्थ देणारा कीमॅपचा थर) जावं लागणार असेल, तर लेयर बदलायची की अंगठ्याशी हवी. आकड्यांची ओळही नसते, त्यामुळे शिफ्टसह ५ वरचा ज्ञ आणि ७ वरचा क्ष हातचे जातात. ज्ञसाठी ज, पाय मोडायची की आणि ञ असा क्रम एकाच दाबात पाठवणारा मॅक्रो करून ठेवा.

सगळ्यात जास्त विचार होम रो मॉड्सचा करा. मधल्या ओळीच्या की दाबून धरल्या की कंट्रोल, शिफ्ट व्हायच्या, ही सोय इंग्रजीत छान चालते. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र डी म्हणजे पाय मोडायची की, आणि जोडाक्षराशिवाय मराठीची एक ओळही पुढे सरकत नाही. डीवर कंट्रोल ठेवून मी 'स्वतः' लिहायला गेलो. बोट २०० मिलिसेकंदांपेक्षा जरा जास्त रेंगाळलं, की धरून ठेवली असं समजलं गेलं, व बीवर असल्यामुळे स नंतर कंट्रोल-बी गेलं आणि पुढचा मजकूर ठळक झाला. 'प्र' लिहिताना तसंच कंट्रोल-जे (र जेवर आहे) जाऊन ब्राउझरची डाउनलोड यादी उघडली. माझं मत स्पष्ट आहे: मराठी लेयरवर डी आणि एफ साध्याच ठेवा, कंट्रोल, शिफ्टसारखे मॉडिफायर अंगठ्याकडे न्या.

बाकीचं पटकन उरकतं. केबल डेटा वाहणारी हवी, नुसती चार्जिंगची नको. चालू कीमॅपची प्रत बाजूला ठेवा. एटीमेगा३२यू४ चिप असेल तर फर्मवेअरला साधारण २८ केबी जागा मिळते, तेव्हा दिव्यांचे इफेक्ट आधी कापा. बूटलोडरमध्ये (नवं फर्मवेअर स्वीकारणाऱ्या अवस्थेत) जायची 'क्यूके_बूट' की एखाद्या लेयरवर ठेवाच, नाहीतर प्रत्येक दुरुस्तीला बोर्ड उघडावा लागू शकतो.

फ्लॅश झाल्यावर हे शब्द वेगात टाइप करून पाहा: स्वतः, प्रस्ताव, घड्याळ, ज्ञान, वाऱ्यावर.